मदतीला आलेल्या पाहुणीचा स्वयंपाक कोण करते?

परदेशी स्वयंसेविकांचे अनुभव आपण वाचतो, तेव्हा त्यांनी गावाला काय दिले ते सविस्तर लिहिलेले असते. शाळेची भिंत रंगवली, मुलांना इंग्रजी शिकवले, रोपे लावली. या सगळ्या काळात त्यांच्यासाठी चूल कोणी पेटवली, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. स्त्री-चळवळीने हा प्रश्न विचारायलाच हवा.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचे उदाहरण घेऊ. युरोप-अमेरिकेतील अनेक तरुणी तिथे स्वयंसेवक म्हणून जातात. आधी आंतिग्वा किंवा केत्साल्तेनांगो या शहरांतल्या भाषाशाळेत काही आठवडे स्पॅनिश शिकायचे, मग डोंगराळ भागातील एखाद्या माया खेड्यात एका कुटुंबात राहायचे, असा हा रिवाज. त्या घरातली बाई आदल्या दिवशी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवते. पहाटे तो धुऊन गिरणीवर नेते. त्या ओल्या पिठाच्या तोर्तिया दोन्ही तळव्यांवर थापून तव्यावर भाजते. सोबत काळा घेवडा. दिवसातून तीनदा हेच. भाकरी थापणाऱ्या आपल्या बायकांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. पाहुणी आली की या कामात भर पडते. तिला साधे पाणी बाधते म्हणून ते उकळायचे, त्यासाठी जास्तीचे सरपण आणायचे.

राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, हे खरे. अनेक बायकांची ती हक्काची कमाई आहे आणि तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण तो दर बाईला विचारून ठरतो का? पैसे तिच्या हातात पडतात की नवऱ्याच्या?

दुसरा प्रश्न भाषेचा. 'स्पॅनिश बोलणारे गाव' असे आपण सहज म्हणतो. ग्वाटेमालात २२ माया भाषा आहेत. आतितलान सरोवराकाठच्या गावांत घरात त्सुतुहिल किंवा काक्चिकेल बोलतात. स्पॅनिश ही सरकारची, कोर्टाची, बाजाराची भाषा. मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या पुरुषांना ती येते. वयस्क बायकांपैकी अनेकींना येत नाही. म्हणजे स्पॅनिश शिकून आलेली स्वयंसेविका गावाच्या गरजा कोणाकडून ऐकते? बहुधा पुरुषांकडून. जिच्या हातचे ती जेवते, तिच्याशीच तिचे बोलणे होत नाही आणि गावाची योजना मात्र ठरून जाते.

मेक्सिकोत काम केलेल्या इव्हान इलिच यांनी १९६८ साली अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सुनावले होते, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. त्यांची टीका मोलाची आहे. तरी ती पूर्ण सत्य आहे असे मला वाटत नाही. १९८४ साली ग्वाटेमालात बेपत्ता केलेल्या माणसांच्या नातेवाइकांनी 'परस्पर आधार गट' स्थापन केला. त्यात बायकाच जास्त होत्या. १९८५ मध्ये या गटाच्या दोन नेत्यांचे खून झाले. त्यानंतर 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल'चे परदेशी स्वयंसेवक उरलेल्या नेत्यांसोबत रात्रंदिवस राहू लागले. परदेशी पासपोर्टवाल्या साक्षीदारासमोर खून करणे लष्कराला अडचणीचे होते. इथे पाहुण्यांनी कोणाला काही शिकवले नाही. ज्यांच्या जिवाला धोका होता त्यांना सोबत हवी होती, आणि पाहुण्यांनी ती दिली.

घरकाम ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सेपूर सार्को खटला आठवावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लष्करी ठाण्यावर केक्ची बायकांवर बलात्कार झाले, आणि त्यांना सैनिकांचा स्वयंपाक व धुणेही करायला लावले गेले. त्या बायकांनी दुभाष्यांमार्फत, आपल्या भाषेत साक्ष दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोर्टाने दोघांना दोषी ठरवले. लैंगिक गुलामगिरीबरोबर घरकामाची गुलामगिरीही गुन्हा म्हणून नोंदली गेली. पाहुणीचा स्वयंपाक आणि ही सक्ती यांची तुलना होऊ शकत नाही. पण तोर्तिया थापणे हे श्रम आहेत, एवढे तरी या निकालानंतर कोणी नाकारू नये.

हे सारे दूरचे नाही. आपल्या संस्थांतही परदेशी विद्यार्थिनी येतात. आपल्या समाजकार्याच्या विद्यार्थिनी फील्डवर्कसाठी पाड्यावर मुक्काम करतात. तिथेही कोणीतरी वहिनी पहाटे उठून चार भाकऱ्या जास्तीच्या थापते, आणि अहवालात तिचे नाव 'सहकार्य' या शब्दात विरघळून जाते.

म्हणून संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. स्वयंसेवक बोलवायचे की नाही आणि कशासाठी, हे गावातल्या बायकांच्या बैठकीत, त्यांच्या बोलीत ठरावे. यजमानीण बाईचे तास प्रकल्पाच्या हिशोबात धरावेत आणि मोबदला तिच्या हातात द्यावा. आणि येणारीने सरकारी भाषेबरोबर घरातली भाषाही शिकायला सुरुवात करावी. पुढच्या वेळी पाहुण्यांची यादी करायला बसाल, तेव्हा ज्या घरी त्या उतरणार आहेत तिथल्या बाईला आधी विचारा.