कुलूप कंपनीचे, कविता कोणाची?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नित्य घडणाऱ्या एका क्रियेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. नोकरी सोडलेला, किंवा सोडावी लागलेला, कर्मचारी आपला लॅपटॉप कंपनीला परत करतो. यंत्र कुलूपबंद असते आणि परवलीचा शब्द त्याच्याबरोबरच निघून गेलेला असतो. मग आयटी विभागातला एखादा तरुण ते यंत्र 'रीसेट' करतो, म्हणजे आतले सारे पुसून ते कारखान्यातून आले तसे कोरे करतो, आणि ते नव्या माणसाच्या हाती जाते. तासा-दोन तासांचे, कंटाळवाणे काम. आमचे म्हणणे असे, की ही क्रिया मराठी वाङ्मयाच्या इतिहासाशीही संबंधित आहे, आणि आज ती ज्या घाईने केली जाते ती अन्यायकारक आहे.

मुळशी तालुक्यातले हे गाव म्हातोबाच्या बगाडासाठी प्रसिद्ध. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लातूर, नांदेड, सांगली, जळगाव येथून आलेली मुले येथील काचेच्या इमारतींत जाऊन बसली. त्यांतली काही लिहितात. स्थानिकीकरणाच्या, म्हणजे संगणकप्रणालींच्या मराठीकरणाच्या, कामावर आमचे मराठी एम.ए. झालेले विद्यार्थीही गेले आहेत. मार्च २०२० नंतर कंपनीचे यंत्र घरात आले आणि कचेरी व घर यांतली सीमारेषा पुसली गेली. दिवसाचे दहा-बारा तास ज्या कळफलकावर बोटे असतात, त्याच कळफलकावर कविता उतरते. 'कार्यालयीन यंत्राचा खाजगी वापर करू नये' हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण ओळ सुचली की माणूस हाताशी असेल त्यावर लिहितो. पूर्वी ते बसच्या तिकिटामागे लिहीत.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची नोकरी अशीच एका दुपारी गेली. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. बैठक संपेपर्यंत त्याचे खाते बंद झाले होते आणि पडदा परवलीचा शब्द स्वीकारीत नव्हता. आत एका कादंबरीचा चार वर्षांचा खर्डा होता. त्याने विनंतीचे पत्र पाठविले. उत्तर येईपर्यंत यंत्र पुसून झाले होते. त्याच्यावर कोणी राग काढला नाही, कोणी अपशब्द वापरला नाही. सर्व काही नियमाप्रमाणे झाले. आम्हांला खटकते ते हेच.

कायदा काय म्हणतो? १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील सतराव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात, नोकरीचा भाग म्हणून निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम मालक नियोक्ता असतो. प्रणालीची आज्ञावली, ग्राहकासाठी लिहिलेला अहवाल, भाषांतरित मजकूर हे कंपनीचे. पण चाचणी-अभियंत्याने रात्री लिहिलेली कादंबरी त्याच्या नोकरीचा भाग कशी होईल? यंत्र कंपनीचे, कुलूपही कंपनीचे, म्हणून आतले अक्षरन् अक्षर कंपनीचे, ही समजूत सोयीची असली तरी चुकीची आहे. भाड्याच्या खोलीत लिहिलेली वही घरमालकाची होत नाही.

हे 'पुसणे' म्हणजे नेमके काय, हेही पाहण्यासारखे आहे. आजकालच्या बहुतेक कार्यालयीन यंत्रांत मजकूर कूटबद्ध करून साठविलेला असतो. विंडोजमधील बिटलॉकरची पर्यायी किल्ली अठ्ठेचाळीस अंकी असते आणि तिची प्रत बहुधा कंपनीकडे असते. म्हणजे कर्मचारी निघून गेला तरी कंपनीला दार उघडता येते. पण उघडण्यापेक्षा पुसणे स्वस्त पडते. अनेक यंत्रांत तर पुसताना अक्षरे खोडलीही जात नाहीत, फक्त किल्ली नष्ट केली जाते. अक्षरे काही काळ तेथेच राहतात, कायमची अवाच्य होऊन.

पुणेकर अभ्यासकाला येथे पेशवे दफ्तर आठवल्यावाचून राहणार नाही. तेथील मोडीचे असंख्य रुमाल वाचकाअभावी पडून आहेत. पण मोडीची किल्ली नष्ट झालेली नाही, ती शिकता येते. म्हणूनच राजवाड्यांना गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी करता आली, आणि गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. हिंजवडीतल्या दफ्तरासाठी उद्या कोणी राजवाडे आले तरी त्यांच्या हाती काही लागणार नाही. ज्या शहरात १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या एकेका पाठभेदासाठी भांडारकर संस्थेत खर्ची पडली, त्याच्या वेशीवर आपल्याच काळाचे खर्डे असे जावेत, हे विचित्र आहे. पाठचिकित्सा शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचे काही वाटू नये, हे अधिक विचित्र.

कंपनीची बाजू पोकळ नाही. यंत्रात ग्राहकांची गोपनीय माहिती असते. कोणती फाइल कादंबरी आणि कोणती बँकेच्या खातेदारांची यादी, हे बाहेरून कळत नाही. 'लेखकाने स्वतःची प्रत ठेवावी' हा उपदेशही रास्त वाटतो. परंतु पुष्कळ कंपन्यांत यूएसबीची भोके बंद असतात, बाहेर जाणारी टपाले तपासली जातात आणि शेवटच्या आठवड्यात काही उतरवून घेतले तर त्यावर माहितीचोरीचा संशय येतो. लिहिलेले आत जाते. बाहेर यायला वाट नाही.

गंमत अशी, की कधीकधी कुलूप कर्मचाऱ्याचे निघते. २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून, टी२ चिप किंवा अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर कोणी वैयक्तिक खाते जोडून शोधयंत्रणा चालू ठेवली, आणि कंपनीने आधीच व्यवस्था केलेली नसली, तर पुसूनही यंत्र नव्या माणसाला वापरता येत नाही. मग खरेदीची पावती घेऊन अ‍ॅपलकडे जावे लागते, किंवा गेलेल्या माणसाला फोन करावा लागतो: तेवढे कुलूप काढता का? म्हणजे फोन करता येतो. स्वतःचे काम अडले की क्रमांक सापडतो. मग त्याच फोनवर 'आपले काही आत राहिले आहे का' एवढे विचारणे अशक्य कसे?

सलमान रश्दी यांचे जुने मॅक संगणक अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने त्यांच्या कागदपत्रांबरोबर घेतले आणि २०१०मध्ये त्यांतला एक, लेखक पाहत असे तशाच रूपात, अभ्यासकांना पडद्यावर उघडून दिला. ते शक्य झाले, कारण यंत्रे त्यांची स्वतःची होती. पगारदार मराठी लेखकाला हे भाग्य नाही.

आमची मागणी लहान आहे. निरोपाच्या अर्जात लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र यांचे रकाने असतातच. 'यंत्रात वैयक्तिक लेखन आहे काय' हा एक वाढवावा. उत्तर 'होय' असल्यास पुसण्यापूर्वी पंधरा दिवस थांबावे, दोघांनी समोरासमोर बसून मजकूर पाहावा आणि ग्राहकाचे नसेल ते लेखकाच्या स्वाधीन करावे. यावर मनुष्यबळ विभागातील आमच्या एका परिचित बाई म्हणाल्या, की 'होय' कोणी लिहिणारच नाही. ती नियमभंगाची कबुली ठरेल. त्यांचे बरोबर आहे. रकान्याच्या आधी तो नियमच बदलावा लागेल.