इमारतींबरोबर माणसेही उभी करावी

दानधर्मात इंदूरचा जैन व्यापारी कधी मागे राहिलेला नाही. सर सेठ हुकुमचंदजींचे काच मंदिर त्याची साक्ष देत आहे. पाटीवर नाव कोरून घेण्याचा मोह आम्हांसही झालेला आहे; म्हणूनच हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहो.

आमच्या नात्यातील एका कन्येस पदवीनंतर कर्करोगाच्या संशोधनाकडे वळावयाचे होते. पदवीपर्यंत शिष्यवृत्ती मिळाली. पुढे पाच-सहा वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढावयाची म्हणताच घरच्यांचा धीर खचला. "आता पेढीचा हिशेब पाहू दे", असा सल्ला आम्हीच दिला. तो चुकला, हे येथे कबूल करतो.

पारशी समाज मूठभर. १९३१ साली मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापून या रोगाच्या अभ्यासकांस, मग ते कोणत्याही देशाचे असोत, वृत्ती देण्याची सोय केली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. इमारत आणि माणूस, दोहोंचा विचार झाला.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, जॉन्स हॉपकिन्स येथे शिक्षण घेतले व परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली त्यांनी इतर भगिनींसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापिली. या संस्थेने वाशीस वसतिगृह व पाळणाघरही चालविले. बुद्धीस नुसती पदवी पुरत नाही, हेच त्यातून दिसते.

कोणी म्हणेल, संशोधनात उंदरांचा बळी जातो; अहिंसा मानणाऱ्यांनी त्यास पैसा कसा द्यावा? शंका क्षुल्लक नव्हे. रणदिवे यांचेही काही कार्य उंदरांवरच झाले. परंतु काचपात्रात वाढविलेल्या पेशींमुळे असे प्रयोग कमी करता येतात, आणि डॉ. जसावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीसारख्या कामात तर कोणा जीवास इजाच नाही. ज्याच्या मनास जे पटेल त्यास त्याने द्यावे. शंका पुढे करून हात आखडू नये.

२०१४ साली केंद्र सरकारने जैन समाजास अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. दाखला दाखवून सवलत मागणे सोपे. त्या नात्याने दुसऱ्याचा भार उचलणे अवघड. आमची सूचना अशी की, संघाने एक निधी काढून पदवीपुढील पाच वर्षे एका संशोधकाच्या पाठीशी उभे राहावे. तो वा ती जैन असो, मुसलमान, ख्रिस्ती वा पारशी. ज्या घरात या वाटेने पूर्वी कोणी गेले नाही, त्या घरास प्रथम मान द्यावा. रोग कोणाची जात विचारीत नाही.

पेरणीचे बी वेगळे राखावे लागते, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. पण पहिला पाऊस पडताच शेताकडे पाठ फिरविली तर त्या बियाण्याचा उपयोग काय? येत्या सभेत सभासद बंधुभगिनींनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.