आधी घरातला टीव्ही बंद करूया

काळाचौकीच्या वस्तीत एका खोलीत टीव्ही, कुकरची शिट्टी आणि बाहेरचे हॉर्न एकदमच वाजतात. संगीत ऐकायचे तर इअरफोन लागतोच. ‘तुंबाड’ (२०१८) या अद्भुत भयपटाचे जेस्पर किड यांचे पार्श्वसंगीत आम्ही तसेच ऐकले. वाद्यवृंदाच्या अशा संगीतात हळू भाग गोंगाटात बुडतो, म्हणून आपण आवाज वाढवतो. मग सगळी वाद्ये एकदम उसळतात, ती थेट कानावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास ऐकता येतो. ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

म्हणून मुलांवर ओरडण्याआधी तासभर टीव्ही बंद करावा, असे आमचे मत आहे. चांगले संगीत ऐकणे हा त्यांचाही हक्क आहे. घर शांत असेल तर फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आतच पुरतो. मध्ये कानांना विश्रांती द्या. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर तेल घालू नका. परळच्या केईएममध्ये कान-नाक-घसा विभागात दाखवा.