मेसचं बिल नीट वाचलंय का कुणी?

जून-जुलै आला की चंदगड, खानापूर, निपाणीकडची पोरं बेळगावात होस्टेल शोधायला लागतात. भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठापासून शहरातल्या कॉलेजांपर्यंत सगळीकडे हेच चित्र. घरचे फी विचारतात, रूम विचारतात आणि शेवटी ‘मेस किती?’ एवढंच. ती चालते कशी, हे कुणी विचारत नाही. ग्रीन कॅम्पस, शाश्वत आहार हे शब्द हल्ली प्रत्येक विद्यापीठाच्या तोंडी असतात. पण त्यांचं खरं-खोटं या बिलातच कळतं.

मेस साधारण दोन तऱ्हेच्या. एक ठेकेदाराची, महिन्याचा ठरलेला आकडा. दुसरी डिव्हायडिंगची. किराणा, भाजी, गॅस, स्वयंपाक्यांचा पगार असा महिन्याचा सगळा खर्च जेवणाऱ्यांच्या हजेरीवर वाटायचा. ठेक्याच्या मेसमध्ये वाया जाणारं अन्न आधीच दरात धरलेलं असतं. ताटात किती टाकलं याचा आणि बिलाचा संबंधच मुलाला दिसत नाही. डिव्हायडिंगमध्ये तो महिनाअखेरीस दिसतो.

मी कॉमर्सवाला, म्हणून हिशोब मांडून बघू. समजा 300 मुलांची मेस आहे आणि प्रत्येक जण एका जेवणाला 80 ग्रॅम टाकतो, म्हणजे जेमतेम अर्धी मूद भात. दोन वेळचे झाले 48 किलो. शिजलेलं अन्न किलोला 60 रुपये धरलं तर दिवसाला 2,880, महिन्याला 86,400. मुलामागे 288 रुपये. दूध घालून पोराला शिकवणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनं 2024 च्या अहवालात जगात वर्षाला 105 कोटी टन अन्न वाया जातं असं म्हटलंय. त्यातलं सुमारे 29 कोटी टन हॉटेलं, कँटीन, मेस यांच्यातलं. आपल्याकडे 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. वर धरल्यासारख्या तीन मेस मिळून हा आकडा सहज ओलांडतात.

आता ज्वारीचं बघा. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, पोस्टरं लागली. विजापूर, बागलकोट आणि आपला जिल्हा ज्वारीचा पट्टा. तरी मेसच्या ताटात भात आणि चपातीच. का? 2025-26 चा हमीभाव मालदांडी ज्वारीला क्विंटलमागे 3,749 रुपये, गव्हाला 2,425, साध्या भाताला 2,369. त्यात भाकरी थापायला हात लागतात. 300 जणांच्या भाकऱ्या दोन स्वयंपाक्यांच्या आवाक्यातल्या नाहीत. ठरलेल्या दरात ठेकेदार हे कशाला करेल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही, टेंडरच तसं निघतं.

त्यावर उपाय आपल्याच भागात आहे. उत्तर कर्नाटकात कडक रोट्टी करून विकणाऱ्या बायका गावोगाव आहेत आणि ती रोट्टी बरेच दिवस टिकते. आठवड्यातून दोन दिवस एखाद्या बचत गटाकडून रोट्टी घ्यायची, एवढी एक अट टेंडरमध्ये घातली तरी दोन्ही बाजूंचं भागेल. भाजीला तर लांब जायला नको. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, मग होस्टेलच्या मेसला थेट शेतकऱ्याकडून घ्यायला काय हरकत?

जीएसटीचा एक मुद्दा पालकांच्या कानावर नसतो. संस्थेनं स्वतः मेस चालवून विद्यार्थ्यांना जेवण दिलं तर कर नाही. बाहेरचा ठेकेदार चालवत असेल तर 5 टक्के. 2018 च्या खुलाशात हे स्पष्ट केलंय. 3,000 रुपयांच्या बिलात 150 रुपये तिथेच गेले.

डिव्हायडिंग म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. खरेदी पोरांच्या कमिटीकडे, परीक्षेच्या दिवसांत लक्ष कुणाचंच नाही, आणि बिलं तपासणारा नसला की तेलाचे डबे कागदावरच वाढतात. कमी दिवस जेवलं तरी ठरावीक दिवसांचा आकार लागतो, त्यावरून दर महिन्याला भांडणं होतात. म्हणून महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागला पाहिजे आणि एका प्राध्यापकाची त्यावर सही पाहिजे.

यंदा ॲडमिशन घेताना रेक्टरना दोनच गोष्टी विचारा. गेल्या महिन्याचा मेसचा हिशोब बघायला मिळेल का, आणि उद्या जेवणार नसलो तर आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर उद्याचा भात अंदाजानंच शिजणार आहे असं समजा.