राज्य बुडालं तरी वतन बुडत नाही

जग बुडाल्यानंतरच्या राष्ट्राची कल्पना करायला सांगितली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. शहरं ओस पडलेली, पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि मग कुठूनसा एक करडा सेनापती येऊन सगळ्यांना शिस्त लावतो. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर असले सिनेमे पाहणारी आणि रात्रपाळीत वहीच्या मागच्या पानांवर असल्या राष्ट्रांचे नकाशे काढणारी पोरं मला माहीत आहेत. त्यांच्या नकाशात किल्ले असतात, ध्वज असतो, सरसेनापतीचं नाव तर सगळ्यात आधी ठरलेलं असतं. पोरांनी लिहावं, जरूर लिहावं. माझं भांडण आहे ते त्या नकाशाखाली गृहीत धरलेल्या सिद्धान्ताशी, कारण तो वहीत राहत नाही. देशाबद्दल बोलणं निघालं की तीच पोरं म्हणतात, "लोकशाही वगैरे सगळं सुरळीत असतानाच्या गोष्टी. वेळ आली की एकच हात पाहिजे, आणि तो पोलादी पाहिजे."

हा पूर्वपक्ष जुना आहे आणि तो मांडणारे लेचेपेचे नव्हते. इंग्लंड यादवीत होरपळत असताना टॉमस हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन' प्रसिद्ध केला. सर्वांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध जुंपतं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेच मत्स्यन्यायाच्या रूपाने येतं: दंड उचलणारा कुणी नसला, की मोठा मासा लहान माशाला गिळतो. आमच्याकडचे पोलादी हाताचे वकील हा दाखला नेहमी देतात आणि नेमके तिथेच थांबतात.

त्यांनी पुढच्या ओळी वाचाव्यात. मत्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनी वैवस्वत मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा व मालाचा दहावा हिस्सा त्याला नेमून दिला, असं कौटिल्य सांगतो. म्हणजे राजा येण्याआधी लोक एका जागी जमले होते. कुणाला नेमायचं हे त्यांनी ठरवलं, त्याला काय द्यायचं हे ठरवलं, आणि तो ठराव सगळ्यांनी पाळला. जी माणसं एवढं करू शकतात, त्यांना मासे म्हणायचं कशाच्या आधारावर? आणखी एक गोष्ट. हा उतारा अर्थशास्त्रात कुण्या ऋषीच्या तोंडी येत नाही, तो हेरांच्या तोंडी येतो. तीर्थांच्या ठिकाणी, सभांमध्ये, गर्दीत जाऊन हेरांनी आपसात वाद घालायचा, एकाने राजाची निंदा करायची आणि दुसऱ्याने ही मनूची गोष्ट सांगून त्याचं तोंड बंद करायचं, अशी ती योजना आहे. राजाविरुद्ध कुजबुज वाढू नये म्हणून पेरायची गोष्ट आपण दोन हजार वर्षांनंतरही मानवी स्वभावाचं शास्त्र म्हणून उगाळत बसलो आहोत.

कादंबऱ्यांची साक्षही हे वकील उलटी लावतात. मार्गारेट अॅटवुडच्या १९८५ च्या कादंबरीतलं गिलियड घ्या. तिथे प्रदूषण वाढलेलं आहे, जन्मदर घसरलेला आहे, लोक घाबरलेले आहेत. पण बायकांची बँकखाती गोठवून त्यांना घराघरांत वाटून टाकण्याचं काम घाबरलेल्या लोकांनी केलेलं नाही. ते आधीपासून संघटित असलेल्या, शस्त्रं बाळगणाऱ्या एका टोळीने केलं आहे. सुझन कॉलिन्सच्या पॅनेममध्ये राजधानी चैनीत आहे आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गळ्यात एकेक धंदा बांधलेला आहे. बाराव्या जिल्ह्याने कोळसा काढायचा, आठव्याने कापड विणायचं. सोलापूरच्या वाचकाला त्या आठव्या जिल्ह्याची ओळख करून द्यायला नको. या दोन्ही राष्ट्रांतलं दुःख पोलादी हाताच्या अभावाने आलेलं नाही. तो हात तिथे पहिल्या पानापासून हजर आहे.

आता ग्रंथ बाजूला ठेवू. सरकार नाहीसं झाल्यावर माणसं काय करतात, याचा प्रत्यक्ष पुरावा चिंचोळीपासून पुणे रस्त्याने अर्ध्या तासावर आहे. मे १९३० च्या सुरुवातीला महात्मा गांधींना अटक झाली आणि गिरणगाव असलेलं सोलापूर पेटलं. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडण्यावरून पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडला. जमावाने कोर्टाची इमारत जाळली, मंगळवार पेठेच्या चौकीवर दोन पोलीस मारले गेले. हे मी लपवत नाही. लोक देवदूत असतात असा माझा दावाच नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. पोलीस गावातून निघून गेले आणि ९, १०, ११ मे असे तीन दिवस लाखभर वस्तीच्या या शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. हॉब्जच्या हिशेबाने त्या तीन दिवसांत पेठ पेठेवर तुटून पडायला हवी होती. प्रत्यक्षात काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहिले, रहदारी आणि बंदोबस्त त्यांनी अंगावर घेतला आणि शहर चालत राहिलं.

भयाचं राज्य आलं ते १२ मे रोजी, सरकार परत आलं तेव्हा. मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी असणं हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार माणसं, चार वेगवेगळ्या समाजांतली. आज ज्या चौकात त्यांचे पुतळे आहेत तिथून रोज जाणारा माणूससुद्धा जेव्हा "लोकांच्या हाती सोडलं तर अराजक माजेल" म्हणतो, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. तो आपल्याच गावची साक्ष खोटी ठरवतो आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे: तीन दिवस कुणीही निभावून नेईल, वर्षानुवर्षांचं काय? त्याचं उत्तर साताऱ्यात आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत टिकलं. त्याची न्यायमंडळं होती, तुफान सेना होती, कमी खर्चात लग्नं लावण्याचा उपक्रम होता. तळपायावर काठ्या मारण्याची त्यांची शिक्षा मला पटत नाही आणि तिचं गोडवे गाऊन केलेलं समर्थनही पटत नाही. पण दरोडेखोर आणि सावकार यांच्या तावडीतून गरिबाला सोडवणारा न्याय इंग्रजांच्या कोर्टापेक्षा त्या न्यायमंडळांकडून लवकर मिळतो, असं हजारो शेतकऱ्यांना वाटलं, म्हणून ते टिकलं. पोलादी हाताची परीक्षा पाहायची तर १८९७ च्या प्लेगातलं पुणं पाहावं. रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत घुसत होते, आणि त्यामुळे लोक रोगी लपवायला लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना दवाखान्यात नेत होत्या आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. त्या दोघांतलं राज्य कुणाचं चालवायचं, हा निर्णय तुम्ही करा. माझा झालेला आहे.

इथपर्यंत खंडन झालं. पण एवढ्यावर थांबलो तर मी भाबडा ठरेन, कारण विनाशानंतर धोका असतोच. फक्त तो जिथे दाखवला जातो तिथे नसतो. राज्य बुडालं तरी वतन बुडत नाही. कचेरी जळेल, सातबारा जळेल, पण कुणी पाणवठ्यावर आधी उभं राहायचं आणि कुणी लांब थांबायचं, हे ज्यांच्या हाडीमाशी मुरलेलं आहे ते ते विसरणार नाहीत. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, तरी कित्येक गावांत पाणवठे वेगळेच राहिले. घसा सगळ्यांचाच कोरडा होता, पण शिवाशिव तहानेपेक्षा मोठी ठरत होती. म्हणून तर बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ काढावी लागली, आणि त्याच्या ४५ वर्षं आधी बाबासाहेबांना महाडचं चवदार तळं गाठावं लागलं होतं. २०२० च्या टाळेबंदीतही वेशीवर काटेरी फांद्या टाकून बाहेरच्यांना अडवणारी गावं होती. ज्यांना विनाशानंतरच्या राष्ट्राबद्दल विचार करायचा आहे त्यांनी आधी या काट्यांचा विचार करावा. तिथला हुकूमशहा परक्या ग्रहावरून येत नाही. तो बहुधा गावातलाच असतो, आणि विनाशाच्या आधीही ट्रॅक्टर-टँकर त्याचेच होते.

तरीही त्याच दुष्काळातून दुसरी गोष्टही निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायका, नालाबांधावर माती टाकणारी कुटुंबं. ती एका जागी आली म्हणून बोलू लागली. हजेरी, मजुरी, सुकडी यांवरून मोर्चे निघाले, घेराव झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली: काम मागितलं तर सरकारने दिलंच पाहिजे. उपासमारीच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसांच्या दबावातून एक हक्क जन्माला आला. असं राजकारण नकाशे काढणाऱ्या पोरांच्या वहीत का नसावं?

त्यांना माझं सांगणं आहे की चिंचोळीतच राष्ट्र उभं करायचं असेल तर सेनापतीपासून सुरुवात करू नका, बॉयलरपासून करा. इथे औषधांचे, रसायनांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. वीज गेली की फीड पंप थांबतो, पण भट्टीतला विस्तव थांबत नाही. ब्रिकेट धुमसत राहतं, वाफ तयार होत राहते आणि गेज ग्लासमधलं पाणी खाली उतरू लागतं. ते काचेत दिसेनासं झालं तर नळ्या उघड्या पडतात आणि अशा तापल्या नळ्यांवर घाईने थंड पाणी सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. त्या क्षणी भट्टीतला विस्तव ओढून बाहेर काढायचा, हे ज्याला कळतं तो परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट. सेनापतीच्या आरोळीने काचेतलं पाणी वर चढत नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री सरकार जागेवर होतं, पोलीस होते, मालकही होता. साठवण टाकीची शीतयंत्रणा मात्र बंद ठेवलेली होती आणि देखभालीची माणसं कमी केलेली होती. प्रलय यायला राज्य कोसळावंच लागतं असं नाही.

पाण्याचंही तसंच. उजनीचं पाणी आणि काही दिवसांआड येणारा नळ, यावर सोलापूरची कित्येक घरं चाललेली आहेत. कोणत्या पेठेला किती वेळ चावी फिरवायची, हे ठरवणारा चावीवाला कोणत्याही नगरसेवकाइतका राजकीय माणूस आहे. विनाशानंतरच्या राष्ट्राची राज्यघटना पहिल्यांदा त्याच्या चावीवर लिहिली जाईल. पाळी कुणाची, ती कोण ठरवणार, चुकली तर दाद कुठे मागायची, शेवटच्या वस्तीला पाणी पोचलं की नाही हे कोण बघणार: या चार प्रश्नांची उत्तरं ज्या वहीत आहेत तिला मी राष्ट्राचा आराखडा म्हणेन.

आणि आता माझी खरी काळजी. १९३० चं सोलापूर तीन दिवस स्वतःला सांभाळू शकलं, ते काही अचानक अंगात आलेल्या शहाणपणामुळे नव्हे. गिरणीच्या दारात गेट मीटिंग व्हायची. तालमी होत्या, पेठांची मंडळं होती, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे कामगार एकाच खात्यात शेजारी शेजारी उभे असायचे आणि एकमेकांना नावाने ओळखायचे. स्वयंसेवकाने चौकात हात वर केला तर टांगेवाला थांबला, कारण तो हात कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. त्या गिरण्या बंद पडल्या आणि गावाबाहेर औद्योगिक वसाहती आल्या. आज चिंचोळीत कितीतरी पोरं ठेकेदाराच्या नावावर कामाला येतात. बस गेटवर सोडते, पाळी संपली की उचलून नेते, आणि शेजारच्या शेडमध्ये कोण आहे, तिथे कोणतं रसायन साठवलेलं आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. हेल्परला कुणी नावाने हाक मारत नाही. तीन महिन्यांनी माणूस बदलतो, पुन्हा ओळख शून्यापासून. अशा ठिकाणी उद्या काही झालं आणि लोक सैरभैर पळाले, तर पोलादी हाताचे वकील लगेच म्हणतील, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" पण ते मानवी स्वभावामुळे घडलेलं नसेल. ठेका पद्धतीने माणसांना एकमेकांपासून तोडून ठेवल्यामुळे घडलेलं असेल, आणि ती पद्धत बदलणं आज, सरकार जागेवर असतानाच, आपल्या हातात आहे.

म्हणून मंडनाच्या बाजूने माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांच्या कामगारांना, कायम असोत की कंत्राटी, महिन्यातून एकदा एका ठिकाणी बसता यावं, आणि त्या वेळेचा पगार कापला जाऊ नये. कोणत्या शेडमध्ये काय साठवलंय, वारा कुठल्या दिशेला असेल तर पाकणीकडे पळायचं की चिंचोळी काटीकडे, हे हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असावं. आजूबाजूच्या गावांतली माणसंही त्या बैठकीला असावीत, कारण वायू कुंपण पाहून थांबत नाही. बॉयलर, पाणी आणि विजेवरची माणसं ठेक्यावर नसावीत. आणि नकाशे काढणाऱ्या त्या पोरांपैकी कुणीतरी या बैठकीचं इतिवृत्त लिहायला घ्यावं. त्याच्या कादंबरीतलं राष्ट्र जगवायला लागणारी सगळी माणसं त्याला त्याच खोलीत भेटतील.