साखरेचे गुपित

नोकरी लागली की देवापुढे साखर ठेवण्याची आमच्या घरची रीत. मीही ठेवली, खाल्ली मात्र नाही. बाविसाव्या वर्षापासून मला मधुमेह आहे, तोही रोज इन्शुलिन टोचून घ्यावे लागणारा.

कचेरीत सांगावे की नाही? आई म्हणाली, "दवंडी कशाला पिटतोस? कायम झालास की बोल." सौभाग्यवती म्हणाली, "अहो, निदान शेजारच्या टेबलावर तरी सांगून ठेवा." मी आईचे ऐकले. सोयीचे असले की मुले आईचे ऐकतात!

तीन महिने डब्याआधीची सुई मी संडासाची कडी लावून घेतली. एके दिवशी सुई घेतली आणि साहेबांचे बोलावणे आले. बैठक लांबली, डबा बंदच राहिला. हात कापू लागले, घाम फुटला, तोंडून भलतेच आकडे येऊ लागले. साहेबांना वाटले, स्वारी 'घेऊन' आली आहे! शिपाईमामांच्या घरी हाच आजार. त्यांनी ओळखले आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पाव तासात मी माणसात आलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. १९२१ साली टोरांटोत लागलेल्या इन्शुलिनच्या शोधापासून भाषण तयार होते. साहेब म्हणाले, "ते राहू द्या. पुन्हा असे झाले तर आम्ही काय करायचे?"

उत्तर चार ओळींचे होते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की असे होते. १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर द्यायची. १५ मिनिटांत उतार नाही तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता तडक इस्पितळ गाठायचे.

पुढे मी कायम झालो. फिरतीचे काम मात्र दुसऱ्याला गेले. ते मला लागले, अजूनही लागते.

म्हणून वाचकहो, साहेबांना सांगाच, असे मी म्हणणार नाही. नोकरी गेली तर चूल तुमची विझते, सल्ला देणाऱ्याची नव्हे. पण त्या चार ओळी शेजारच्या टेबलाला ठाऊक असू द्या. माझ्या खणात आता साखरेची पुडी असते, आणि त्या खणाला मी कुलूप लावत नाही.

हेच घरी पहिल्या दिवशी कोणी सांगितले होते, ते कृपा करून विचारू नका!