एक प्लेट उप्पीट

गेल्या महिन्यात एका लग्नकार्यानिमित्त निपाणीस जाण्याचा योग आला. सोबत कन्या होती. तिचा जन्म बेंगळूरचा, शिक्षणही तिथलेच. परतीची गाडी रात्री बेळगावहून असल्याने पंगत उठताच आम्ही निघालो. पूर्वी या मार्गाने जाताना निपाणीच्या स्थानकावर बस थांबली की तंबाखूचा उग्र दर्प खिडकीतून आत येई. आता पुष्कळशा गाड्या गावात न शिरताच पुढे जातात. संकेश्वर, हत्तरगी मागे पडली आणि चार वाजण्याच्या सुमारास आम्ही बेळगावात होतो. हाताशी चार तास होते. पाय आपोआप खडेबाजाराकडे वळले.

तेथील एका बोळात आमचे हॉटेल आहे. ‘आमचे’ म्हणण्यास आमच्याकडे कागदपत्र काही नाही. 1983 ते 1987 या चार वर्षांत तेथे रिचविलेल्या चहाच्या बळावरच हा दावा. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एव्हाना ओळखलेच असेल.

त्या काळी आम्ही राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात होतो. पु. ल. देशपांडे तेथे शिकवून गेले होते, याचा अभिमान आम्ही असा मिरवीत असू, की जणू त्यांना तेथे आम्हीच नेमले होते! तास संपले की टिळकवाडीतून सायकली हाणीत हे हॉटेल गाठावयाचे आणि संगमरवरी टेबलाभोवती बसून एक प्लेट उप्पीट व एक चहा दोघांत घ्यावयाचा. पोऱ्या बिलाचा कागद देत नसे. आम्ही उठलो की तो मागूनच गल्ल्याकडे ओरडे, “दोन माणसं, तीन रुपये वीस पैसे!” खिशात तीनच रुपये असले की ही आरोळी भर बाजारात दवंडी पिटल्यासारखी वाटे.

गल्ल्यावर अण्णा असत. ते कुंदापूरकडचे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून 1923 च्या महापुरानंतर कितीतरी माणसे पोटासाठी बाहेर पडली. कुणी हॉटेलांत कपबशा विसळल्या, कुणी पुढे मालक झाले. मुंबईत माटुंग्याला 1942 साली निघालेली रामा नायकांची खाणावळ याच वाटेवरची. अण्णाही पोऱ्या म्हणूनच बेळगावात आले होते. मुदपाकखान्याशी ते तुळूत बोलत, बैलहोंगलहून बाजाराला आलेल्या शेतकऱ्याशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता. पण ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांचे बोलणे ज्यांना प्रिय, त्यांनी त्या हेलाला हसावे कशाला?

1986 च्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरोधी आंदोलन पेटले. त्यातल्या एका दुपारी बाजारात पळापळ झाली आणि आम्ही तिघे या बोळात अडकलो. अण्णांनी फळी बाजूला करून आम्हांस आत ओढले. आत आधीच सात-आठ जण बसले होते. त्यांतले निम्मे कानडी बोलणारे. कोणी कोणाशी बोलेना. अण्णांनी काही न विचारता सर्वांपुढे उप्पिटाच्या बश्या ठेवल्या. तासाभराने बाहेर सामसूम झाल्यावर पैसे देऊ लागलो, तर म्हणाले, “चूल पेटलेली होती. फुकट गेलं असतं की.” चूल पेटलेली नव्हती; ती आमच्यासमोरच पेटविली होती.

असो. हॉटेल जागेवर आहे, हेच पुष्कळ. संगमरवराच्या जागी काळा ग्रॅनाइट आला आहे. दारावरची मराठी पाटी गेली. 2024 च्या कायदादुरुस्तीनुसार नामफलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये हवा, आणि उरलेली जागा इंग्रजीने घेतली आहे. आतला दरफलक तर केवळ कन्नडमध्ये. खोटे कशाला बोला, मन खट्टू झाले. सीमावाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, पण ज्या फलकावर आम्ही हरहुन्नरीने सर्वांत स्वस्त पदार्थ शोधीत असू, तो आम्हांस वाचता येऊ नये! आम्ही कानडी कानांनी शिकलो, डोळ्यांनी नाही. अक्षरे जुळविता जुळविता पोऱ्या निघून जातो.

कन्येने मात्र सहज वर पाहिले आणि वाचू लागली, “इडली, वडे, उप्पिट्टु...”

“काय म्हणालीस?”

“उप्पिट्टु, बाबा. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. आपण घरी म्हणतो तेच.”

पुण्याचे आमचे नातलग आमच्या ‘उप्पिटा’ला हसतात, त्याला ‘उपमा’ म्हणतात. तो शब्द आम्ही आजवर आमच्या आजीचा समजत होतो!

उप्पीट आले. सांबार पूर्वीपेक्षा गोड झाले आहे, आणि चटणीत खोबरे कमी. उप्पिटाची चव मात्र तीच, किंचित ओलसर, मोहरी-कढीलिंबाच्या फोडणीची. गल्ल्यामागे अण्णांच्या तसबिरीला हार होता. खाली त्यांचा नातू. आम्ही जुनी ओळख सांगितली. तो संकोचून म्हणाला, “आजोबा मराठी छान बोलायचे. मला हिशेबापुरतं येतं.” कन्येने त्याला कानडीत काही विचारले आणि त्याचा चेहरा खुलला. 1986 च्या त्या दुपारची हकिकत ती त्याला सांगत होती. आमच्याकडून लहानपणापासून ऐकून तिची पाठच झालेली. त्याने ती कधीच ऐकली नव्हती. दोघे बराच वेळ बोलत राहिले.

आम्ही आणखी एक कॉफी मागविली. पोऱ्या ओडिशाचा होता, मागविली हिंदीत.